आजोबांच्या हाती टॅब दिल्यानंतर

दिवाळीला मुलाने टॅब आणावा, नातवाने त्यात स्मरणशक्तीचे खेळ भरून द्यावेत, आठ-पंधरा दिवस आजोबांनी उत्साहाने बोटे फिरवावीत आणि संक्रांतीच्या आत तो टॅब कपाटात जाऊन पडावा, हे दृश्य अनेक घरांना परिचयाचे आहे. 'त्यांना आवडच नाही,' असा निर्णय घरात होतो. तो घाईचा असतो.

मेंदूच्या संगणकीय तालमीत काहीच तथ्य नाही, असे नाही. अमेरिकेत १९९८ साली 'ॲक्टिव्ह' या नावाची मोठी चाचणी सुरू झाली. ६५ व त्याहून अधिक वयाच्या २,८३२ व्यक्ती तीत सहभागी होत्या. एका गटाला स्मरणाची, दुसऱ्याला तर्काची आणि तिसऱ्याला संगणकावर चटकन ओळखण्याची तालीम मिळाली. चौथ्या गटाला कोणतीच नाही. तिसऱ्या गटासमोर पडद्याच्या मध्यभागी क्षणभर एक वाहन चमके. ते मोटार होते की ट्रक, हे सांगायचे आणि त्याच क्षणी कडेला दुसरी आकृती कोठे उमटली तेही दाखवायचे. जमू लागले की चित्र दिसण्याचा अवधी आणखी कमी होई. तास-सव्वा तासाची दहा सत्रे, तीही पाच-सहा आठवड्यांत. दहा वर्षांनी तपासले तेव्हा तर्क आणि वेग या दोन गटांत आपापल्या कौशल्याचा लाभ टिकलेला आढळला. स्मरणाच्या गटात तो टिकला नव्हता.

मात्र ही सत्रे लहान गटांत, प्रशिक्षकाच्या उपस्थितीत झाली होती. या विषयावरील ५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. संगणकीय तालमीचा परिणाम लहान असला तरी खरा आहे, असे त्यात दिसले. पण घरी, देखरेखीवाचून केलेली तालीम निष्फळ ठरली. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा केलेलीही. 'आज केले का?' असे रोज विचारून भंडावणाऱ्या चिरंजीवांनी हे दुसरे वाक्य पुन्हा वाचावे.

टॅब कपाटात का जातो, याची कारणे बहुधा आजोबा सांगत नाहीत. गादीवर बसून ज्यांनी चाळीस वर्षे व्याजाचा आकडा तोंडी काढला, खतावणी न उघडता कोणाकडे किती बाकी आहे ते सांगितले, त्यांच्यासमोर पडदा सात वर्षांच्या नातीदेखत 'चूक' असे दाखवतो. वर वेळ मोजणारे घड्याळ धावत असते. नात हसते, तिच्या मनात काही नसते. पण आजोबांना तो खेळ राहत नाही, ती परीक्षा होते. विसरू लागल्याची शंका ज्याला स्वतःलाच छळत असते, तो ती शंका खरी ठरवणाऱ्या यंत्राजवळ पुन्हा कशाला बसेल? मग 'डोळे दुखतात' असे सांगितले जाते.

डोळे खरेच दुखत असतात, हीही शक्यता असते. जवळचा चष्मा जुना असतो, अक्षर बारीक असते. कोरड्या पडलेल्या बोटांची नोंद पडदा नीट घेत नाही आणि यंत्राचा तो दोष माणसाच्या नावे खर्ची पडतो. काठी लावलेली पेन्सिल, अर्थात स्टायलस, थोड्या पैशांत मिळते. अक्षर मोठे करता येते. घड्याळाची सोय बंद करता येत असेल तर आरंभीचे काही आठवडे ती बंद ठेवावी. खेळ असा निवडावा की तो खेळणाऱ्याच्या गतीप्रमाणे सोपा-अवघड होईल. सतत हरणारा उठतो, तसा सतत जिंकणाराही कंटाळतो.

सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे शेजारी बसणारा माणूस. आठवड्यातून तीन ठरलेले दिवस, सकाळी मंदिरातून परतून नाश्ता आटोपल्यावरची वेळ, आणि शेजारी सून, नातू किंवा आजोबांचा एखादा समवयस्क मित्र. मित्र असेल तर उत्तमच. दोघांच्या चुका समसमान होतात. शेजाऱ्याने उत्तर सुचवू नये, हातातून टॅब घेऊन 'हे बघा, असे' करू नये. गुण आजोबांनी स्वतः वहीत उतरवावेत. मागील महिन्याशी आकडे ताडून पाहण्याची सवय व्यापारी हाताला कोणी शिकवावी लागत नाही.

पैसे मोजताना मात्र पारख हवी. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'ल्युमॉसिटी'च्या कंपनीवर स्मृतिभ्रंश टाळण्यासारखे निराधार दावे केल्याचा ठपका ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. खेळात गुण वाढले म्हणजे औषधाची वेळ आठवेलच, असे नाही. तीच गोष्ट पुनःपुन्हा विचारली जाऊ लागली, ओळखीचा रस्ता चुकू लागला, तर टॅब बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. ऐकू कमी येते का, तेही तपासून घ्यावे.

आणि एखाद्या सकाळी आजोबा 'आज नको, आज नातीला पावकी-निमकी म्हणून दाखवतो' म्हणाले, तर त्या दिवशीचा टॅब खुशाल बंद राहू द्यावा.