ताळ्याला एक गुण द्या

परवा संध्याकाळी शेजारची आठवीतली मुलगी वही घेऊन आमच्या ओट्यावर आली. गणित असं होतं: क्ष/२ + ३ = क्ष/३ + ५. (आताच्या पुस्तकात तिथं इंग्रजी अक्षर असतं, पण बत्तीस वर्षं शिकवून माझ्या तोंडात ‘क्ष’च बसलाय.) तिचं उत्तर आलं होतं २ आणि उत्तरसूचीत होतं १२. “आज्जी, छेद तर उडवलाय की नीट. पुस्तकच चुकलंय वाटतं.”

वही पाहिली. २ आणि ३ चा लसावि ६, हे तिनं बरोबर काढलं होतं. क्ष/२ ला ६ नं गुणून ३क्ष आणि क्ष/३ ला गुणून २क्ष, तेही बरोबर. पण पुढचे ३ आणि ५ जिथल्या तिथं. ३क्ष + ३ = २क्ष + ५, म्हणून क्ष = २.

“या तीनला का नाही गुणलंस?”

“त्याला कुठं छेद आहे?”

हे उत्तर मी नोकरीच्या प्रत्येक वर्षी ऐकलंय, आणि त्यात मुलांचा दोष मला कधीच दिसला नाही. आपणच फळ्यावर सांगतो, ‘आता छेद उडवा.’ मग ज्याला छेद आहे त्याचाच पोरं उडवणार. खरं तर तिथं काहीच उडत नाही. दोन्ही बाजू सहापट होतात, आणि बाजू सहापट करायची म्हणजे त्या बाजूला जे जे आहे ते सगळं सहापट करायचं.

मी तिला विचारलं, “साडेतीन तासांची मिनिटं किती?” ती म्हणाली, “दोनशे दहा.” म्हटलं, “तुझ्या वहीतल्या रीतीनं बघ. अर्ध्या तासाला अपूर्णांक आहे म्हणून त्याची तीस मिनिटं केलीस. तीन तासांना छेद नाही म्हणून ते तीनच ठेवलेस. तेहतीस मिनिटं झाली.” ती हसली, खोडरबर काढलं आणि ३ चे १८ केले, ५ चे ३० केले. ३क्ष + १८ = २क्ष + ३०. क्ष बारा.

हा दाखला माझा असला तरी युक्ती माझ्या वडिलांची आहे. ते शाहूपुरीतल्या एका गूळ अडतीवर दिवाणजी होते. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे तोंडपाठ, आणि क्ष कधी पाहिलेला नाही. ते म्हणत, अपूर्णांकाला भ्यायचं नाही, त्याची मोड आणायची. त्यांच्या तरुणपणी रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. या १९२ ला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा असा कितीनंही भाग जातो. तिघा भावांत रुपया वाटला तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, बरोबर ६४ पै, वर काही उरत नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. हिशोब पुष्कळ सोपा झाला, पण तिघांत रुपया वाटताना ३३-३३ देऊन एक पैसा हातात राहायला लागला. समीकरणाला लसाविनं गुणणं म्हणजे ही अशी सोयीची मोड शोधणं. मात्र एकदा मोड केली की सगळ्याच रकमेची करावी लागते. दोन रकमा पैंत आणि तिसरी रुपयात ठेवून बेरीज मारली, तर शेठजी दिवाणजीला घरी पाठवतील.

वडिलांची दुसरी युक्ती होती ‘धर’. मी सातवीत असताना त्यांनी घातलेलं गणित अजून आठवतं. गुळाच्या रव्यांपैकी निम्मे एका व्यापाऱ्यानं नेले, एकूण रव्यांचा तिसरा हिस्सा दुसऱ्यानं नेला, पंधरा उरले. तर आले किती होते? मी छेद समान करत बसले. ते म्हणाले, “धर सहा. निम्मे तीन गेले, तिसरा हिस्सा दोन गेले, उरला एक. आपल्याकडं उरलेत पंधरा. पंधरा सक नव्वद.” झालं.

पुढं बी.एड. करताना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त हीच रीत ‘इष्टकर्म’ या नावानं भेटली तेव्हा मी थक्क झाले. ग्रंथ ११५० सालचा. सोयीची संख्या धरायची, तिच्यावर सगळ्या क्रिया करायच्या आणि येणाऱ्या उत्तराच्या प्रमाणात ती वाढवायची किंवा घटवायची. त्यातलं भुंग्यांचं गणित प्रसिद्धच आहे. थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या वासानं भुलून अधांतरी. पंधरा धरून पाहा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा होतात, उरतो एक. पंधरा धरायचं कारण काय, तर ५ आणि ३ चा लसावि. क्ष न बघता वडील ‘सहा’ का धरत, तेही हेच.

पण ‘धर’ला मर्यादा आहे. शेजारच्या मुलीच्या गणितात सहा धरून पाहा. डावीकडं ६ येतात, उजवीकडं ७. आता कितीपट करायचं? इथं दोन्ही बाजूंना क्षचे भाग आहेत आणि शिवाय सुटे आकडेही आहेत, त्यामुळं प्रमाण लागू होत नाही. म्हणून तर अज्ञाताला नाव द्यावं लागतं. भास्कराचार्यांनीही त्यासाठी वेगळं ‘बीजगणित’ लिहिलं आणि अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हटलं. आठवीच्या पोरांना क्ष कशाला, हा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. त्याचं उत्तर हे आहे, की जिथं दिवाणजीचा ‘धर’ थांबतो, तिथून क्ष सुरू होतो.

दुसरी हमखास चूक रेघेची. क्ष − (क्ष − २)/३ = ६. कंस मी तुमच्यासाठी टाकलाय. पुस्तकात वर क्ष − २, मध्ये रेघ आणि खाली ३ असं छापतात, कंस नसतो. मुलं ३ नं गुणतात आणि लिहितात ३क्ष − क्ष − २ = १८. उत्तर १०. ती आडवी रेघ म्हणजेच न छापलेला कंस आहे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. रेघ गेली की कंस लिहायचा, आणि कंसाबाहेरचं वजा आतल्या दोघांनाही लागतं. ३क्ष − क्ष + २ = १८, उत्तर ८.

आता माझा मुद्दा. या दोन्ही चुका मुलांना स्वतःला, कुणाची मदत न घेता सापडू शकतात. पहिल्या गणितात क्षच्या जागी २ घालून बघा. डावीकडं १ अधिक ३, चार. उजवीकडं दोन तृतीयांश अधिक ५, पावणेसहालाही जरा कमी. जुळत नाही. १२ घाला. सहा अधिक तीन नऊ, चार अधिक पाच नऊ. जुळलं. दुसऱ्यात १० घातले तर सहाऐवजी सातावर एक तृतीयांश येतात. ८ घातले तर आठातून दोन गेले, सहा. याला आपल्याकडं जुना, नेमका शब्द आहे: ताळा. ताळा जुळल्याशिवाय वडील चोपडी मिटत नसत, मग घरी यायला रात्रीचे दहा वाजोत.

शाळेत मात्र ताळा उरलेला नाही. वर्गात वेळ नाही, पेपरात त्याला गुण नाहीत आणि क्लासवाल्यांना ‘पायऱ्या’ हव्यात. मुलगा उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि बरोबर आहे का ते बाईंना, मागच्या पानाला किंवा मोबाइलला विचारतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चार पर्याय असतात. तिथं ‘एकेक पर्याय घालून बघा’ असं शिकवतात, म्हणजे ताळा येतो, पण समीकरण सोडवणंच निघून जातं. एकीकडं रीत आहे, ताळा नाही. दुसरीकडं ताळा आहे, रीत नाही.

यावर माझे जुने सहकारी म्हणतात, “बाई, दहावीला भाग १ चा पेपर दोन तासांत चाळीस गुणांचा. ताळा घ्यायला वेळ कुठला?” मी घड्याळ लावून पाहिलंय. वरच्या दोन्ही गणितांचा ताळा आमच्या ओट्यावर गणितं घेऊन येणाऱ्या चार मुलांनी अर्ध्या मिनिटाच्या आत घेतला. गणितातली चूक शोधायला त्यांना पाच-सहा मिनिटं लागली होती. वेळेचा हिशोब ताळ्याच्याच बाजूनं जातो. शिवाय ताळा घेताना अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पुन्हा होते. वेगळा सराव द्यावा लागत नाही.

काही जण म्हणतील, पावकी-दिडकी परत आणा. मी त्या मताची नाही. पाढे पाठ असलेली, पण तीनला सहानं न गुणणारी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. पाठांतरानं हात चालतो, पण आपलं चुकलंय हे ताळ्यानं कळतं.

म्हणून मागणी एवढीच आहे. आठवीपासून समीकरणाच्या प्रत्येक प्रश्नात एक गुण ताळ्यासाठी राखून ठेवा. उत्तर चुकलं, पण ताळा घेऊन ‘दोन्ही बाजू जुळत नाहीत’ असं मुलानं प्रामाणिकपणे लिहिलं, तरी तो गुण द्या. मंडळ ठरवायचं तेव्हा ठरवेल. घटक चाचणीत हे करायला कुठल्याही शिक्षकाला कुणाची परवानगी लागत नाही. आणि पालकांनो, संध्याकाळी वही बघताना ‘उत्तर बरोबर आलं का?’ असं विचारू नका. ‘ताळा घेतलास का?’ असं विचारा. तुम्हाला गणित येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो.