डोंगरात वॉकी-टॉकी कुठला न्यावा?



डिसेंबर आला की न्यू जर्सीत बंदुकीने हरणं मारण्याचा सहा दिवसांचा मोसम येतो. आपल्यात शिकारी कोण, असं तुम्ही म्हणाल. हरीण आपल्याला चालणाऱ्या जनावरांपैकी खरं, पण गोळीने मारलेलं चालत नाही, म्हणून आपल्या घरांतून हा नाद मुळात कमीच. पण मुलं, जावई इथे नोकरीला लागले, कामावरच्या मित्रांबरोबर डोंगरात जाऊ लागले. कुणी बंदूक नेतो, कुणी नुसता कॅमेरा. घरी बसलेल्या आईला दोन्ही सारखंच, कारण फोन लागत नाही. आमच्या जावयांनी विचारलं, "आई, वॉकी-टॉकीची जोडी घेतोय. पस्तीस मैलांची घेऊ का?" मी जन्मभर नर्सिंग केलं, मला रेडिओतलं काय कळणार! पण नातवाला हाताशी घेतलं आणि नियम, माहितीपत्रकं सगळं वाचून काढलं.

पहिली गोष्ट ही, की खोक्यावरचे मैल विसरा. ते पस्तीस मैल म्हणजे एक माणूस उंच डोंगराच्या माथ्यावर, दुसरा खाली मोकळ्या मैदानात आणि मधे काही नाही, तेव्हाचे. बालमित्रांनो, ह्या रेडिओच्या लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या जातात. झाडीतून थोड्या झिरपतात, डोंगरातून नाही. ज्यांनी माथेरान पाहिलंय त्यांना लगेच समजेल. पॅनोरमा पॉइंटच्या कड्यावर उभं राहिलं की नेरळ खाली दिसतं, तिथून बोलणं छान होईल. पण मागे येऊन बाजारातल्या झाडीत उभे राहा, की कड्याची कडच आड येते. अंतर काही फार वाढलं नाही, तरी आवाज गेला.

आमचं पिस्कॅटवे सपाट. इथे घराघरांतून मैलभर आवाज गेला तरी पुष्कळ. वायव्येला दीड तास गाडी हाकली की किटॅटिनीचा डोंगर लागतो. हाय पॉइंट हे राज्यातलं सगळ्यांत उंच ठिकाण तिथेच, १८०३ फूट. आपल्या सह्याद्रीपुढे ते काहीच नाही, पण लांबच लांब धार आहे. एक जण धारेच्या ह्या अंगाला आणि दुसरा त्या अंगाला उतरला, की दोघांत अर्धा मैल असला तरी महागातला सेटही मुका. म्हणून मी जावयांना म्हटलं, आधी नकाशा काढा, कोण कुठे बसणार ते बघा, मग दुकानात जा.

आता सेटांचे प्रकार. साधा घरगुती प्रकार एफआरएस. १९९६ साली सरकारने तो विनापरवाना मोकळा केला, तेव्हा ताकद अर्धा वॉट होती. २०१७ मध्ये नियम बदलले. आता चॅनेल २२, त्यातल्या पंधरांवर दोन वॉटपर्यंत चालतं, ८ ते १४ वर मात्र अर्ध्या वॉटच्या पुढे जाता येत नाही. डोंगरात हे सात चॅनेल सोडून द्यावेत. दुसरा प्रकार जीएमआरएस. ताकद जास्त, हातातला सेट साधारण पाच वॉटचा मिळतो, अँटेना बदलून लांब लावता येते, आणि डोंगरमाथ्यावर कुणी रिपीटर बसवला असेल तर मालकाच्या परवानगीने तोही वापरता येतो. रिपीटर म्हणजे खालचा आवाज ऐकून वरून पुन्हा बोलणारा मध्यस्थ. धारेपलीकडे आवाज न्यायचा हाच खरा उपाय. नुसते वॉट वाढवून डोंगर ओलांडता येत नाही.

जीएमआरएसला परवाना लागतो. परीक्षा नाही, वय अठरा पूर्ण हवं, फी ३५ डॉलर आणि मुदत दहा वर्षं. मला मौज वाटली ती पुढच्या नियमाची. एकाने परवाना काढला की नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहिणी, काका-मामा, मावश्या-आत्या, भाचे-पुतणे आणि सासरची माणसं, सगळ्यांना तो चालतो. अमेरिकन सरकारने एकत्र कुटुंब इतकं मानलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही! कामावरचा मित्र मात्र त्यात बसत नाही. त्याने एफआरएस घ्यावा. दोन्हींचे चॅनेल तेच, त्यामुळे बोलणं होतं. तिसरा प्रकार मर्स, पाच चॅनेल, दोन वॉट, परवाना नको. त्याच्या लहरी सुमारे दोन मीटर लांबीच्या, एफआरएसच्या जेमतेम पाऊण मीटरच्या आतल्या. दाट झाडीत मर्स थोडा बरा, पण तो दुसऱ्या दोघांशी बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी एकच जात घ्यावी.

सेट हातात घेऊन बघावा, तोही हातमोजा घालून. बटण दाबलं जातं का? दमलेल्या माणसाला आकडे दिसतात का? बटणं बंद ठेवायचं कुलूप आहे का? नाहीतर खिशात चॅनेल आपोआप बदलतो. बोलणं संपल्यावर वाजणारी शिट्टी बंद करता यावी आणि कानात घालायचं बोंडूक लावता यावं, नाहीतर हरीण पळालंच. चार्ज होणाऱ्या बॅटरीबरोबर साधे डबल-ए सेलही चालणारा सेट घ्यावा. थंडीत साधे सेल लवकर गळतात, लिथियमचे टिकतात. जास्तीचे सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावेत.

"प्रायव्हसी कोड" ह्या नावाला भुलू नका. त्याने आपल्याला दुसऱ्यांची बडबड ऐकू येत नाही, एवढंच. आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कोडचे नंबरही जुळतीलच असं नाही, म्हणून तो शून्यावर ठेवलेला बरा. गुप्त बोलायचं तर मराठीत बोला. अर्थात डोंगरात. एडिसनच्या बाजारात नको!

मी इमर्जन्सीत असताना एका शिकाऱ्याला आणलं होतं. झाडावरच्या मचाणावरून पडला होता. पडला सकाळी, सापडला संध्याकाळी. मोडलेल्या मांडीपेक्षा थंडीनेच त्याची दशा केली होती. कुडकुडणं थांबलं होतं, आणि ते थांबलं की आम्ही नर्सेस जास्त घाबरतो. वॉकी-टॉकी होता हो त्याच्याकडे, चांगला भारीतला. पण पिशवीत, आणि पिशवी वर मचाणावर लटकत होती. म्हणून सेट छातीवर पट्ट्याला अडकवायचा, पडलो तरी हात पोचेल असा.

आणि वेळा ठरवायच्या. दर तासाला, तास भरताच, पाच मिनिटं सेट चालू. उत्तर नाही आलं तर दोघांनीही उंचावर चढायचं आणि पुन्हा हाक मारायची. दोन वेळा चुकल्या तर गाडीपाशी यायचं. बटण दाबून एक क्षण थांबून मग बोलावं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवावं. रात्रपाळीला डॉक्टर फोनवर औषध सांगायचे तेव्हा आम्ही हेच करत होतो, पंधरा आणि पन्नास ह्यांत माणूस जातो.

हे लक्षात असू द्या, की वॉकी-टॉकीवर ९११ लागत नाही. पलीकडे ऐकायला फक्त आपली माणसं. २०२२ च्या अखेरीपासून काही नव्या आयफोनवरून उपग्रहामार्फत मदत मागता येते, पण डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. म्हणून कुठे जाणार, गाडी कुठे लावणार, किती वाजेपर्यंत परत, हा कागद आमच्या फ्रिजवर चिकटवल्याशिवाय जावई निघत नाहीत. शिकारीला जाणाऱ्यांनी त्या त्या राज्याचं नियमपुस्तकही बघावं. माँटानासारख्या राज्यात शिकार करताना रेडिओवरून एकमेकांना सांगायला बंदी आहे.

एक विचारणा नेहमी येते, ही जोडी अलिबागच्या भाच्यांना भेट न्यावी का? नेऊ नका. भारतात विनापरवाना वॉकी-टॉकीला ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा मोकळा आहे, आपले इथले सेट ४६२ आणि ४६७ वर चालतात. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने असे सेट ऑनलाइन विकणाऱ्यांना नोटिसा काढल्या. आणि डोंगरात नेतात ती उपग्रहाची छोटी यंत्रं तर बॅगेत मुळीच ठेवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन बाईला त्यावरून अडवलं होतं. भाच्यांना चॉकलेट न्या.