करमत नाही, सर



तीन वर्षांपूर्वी अकोल्यात करिअर मार्गदर्शनाचा एक कार्यक्रम होता. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे असे कार्यक्रम होतातच. हार, ट्रॉफी, दोन भाषणं, शेवटी बिर्याणी. माझं भाषण झालं, गर्दी पांगली, तरी एक मुलगा मागे थांबला होता. दर्यापूरकडचा. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेला, आता अकरावी सायन्स आणि नीटच्या शिकवणीसाठी अकोल्यात खोली करून राहणारा. तो म्हणाला, "सर, करमत नाही. कशातच मन लागत नाही."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "अरे, पहिल्यांदा घर सोडलंस, होतं असं. नमाज सोडू नकोस, मोबाईल कमी कर, मेहनत कर, सब्र कर." तो "जी सर" म्हणून गेला. मला वाटलं, काम झालं.

काही महिन्यांनी त्याच्या मामूंचा फोन आला. पोरगं शिकवणी सोडून गावी परतलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. जेवण नाही, अंघोळ नाही, जुम्म्यालाही जाणं नाही. घरच्यांनी आधी रागावून पाहिलं. मग "असर झालाय" म्हणून एका आमिलकडे नेलं. तावीज झाले, दम केलेलं पाणी झालं, पैसेही गेले. शेवटी शेजारच्या आशाताईंनी त्याच्या अम्मीला बाजूला घेऊन सांगितलं की हा आजार आहे, याला दवाखान्यात नेऊ. मामूंनी मला तक्रार करायला फोन केला नव्हता. त्यांना फक्त विचारायचं होतं, "तुमच्याशी तो काही बोलला होता का?"

बोलला होता. दीड मिनिट बोलला होता. मी ऐकलं नाही.

मी त्याला जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याने सल्ला मागितलाच नव्हता. आपल्या बोलीत "करमत नाही" हा शब्द फार स्वस्त झालाय. सासरी नवी सून म्हणते, गावाहून आलेला मजूर म्हणतो, सुट्टीत कंटाळलेलं पोरही म्हणतं. म्हणूनच जेव्हा तो खरोखर गंभीर असतो तेव्हा आपल्याला ऐकू येत नाही. आपल्या घरांत "मी उदास आहे" असं कोणी म्हणत नाही. "दिल घबराता" म्हणतात, "सीना भारी लागतोय", "डोकं सुन्न झालंय", "टेन्शन आलंय" म्हणतात. डिप्रेशन हा शब्द मोबाईलवर आहे, स्वयंपाकघरात नाही.

या वयात मन हलतंच, हे आधी मान्य करू. बारा-तेरापासून शरीरातली संप्रेरकं बदलतात. मेंदूचा भावना उसळवणारा भाग लवकर जोर धरतो आणि लगाम धरणारा पुढचा भाग पूर्ण पिकायला पंचविशी उजाडते. म्हणून सकाळी आईशी कडाक्याचं भांडण आणि संध्याकाळी तिच्याच मांडीवर डोकं, हे चालूच राहतं. झोपेचं घड्याळही या वयात पुढे सरकतं. मेंदूला झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन उशिरा पाझरू लागतं, त्यामुळे रात्री बारालाही डोळा लागत नाही आणि फज्रला उठवत नाही. फज्र चुकवावी असं मी म्हणत नाही. पण ज्या पोराला आपण रोज "शैतान का बच्चा" म्हणून उठवतो, त्याच्या न उठण्यामागे आळसाशिवाय दुसरं काही असू शकतं, इतकं तरी मनात असू द्या.

मग उदासी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो? डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची खूण सांगतात. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खचलेलं असेल. क्रिकेट, मैत्रिणी, आवडीचं जेवण कशातच रस उरला नसेल. झोप आणि भूक बिघडली असेल. वाचलेलं डोक्यात राहत नसेल. "मी कुठल्याच कामाचा नाही" हे सारखं येत असेल. मरणाचे विचार येत असतील. आणि या सगळ्यामुळे रोजचं जगणं अडलं असेल, तर तो मूड नव्हे. किशोरवयात आणखी एक फसवी गोष्ट घडते. उदासी रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त बाहेर येते. मुलगा दार आपटतो, उलट बोलतो, आणि घरात त्याची नोंद "बिघडला" अशी होते. मुलगी गप्प होते, तर तिला "समजदार झाली" म्हणतात! वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं, हे जगभर दिसलेलं आहे. आपल्याकडे तिच्यासाठी एक खास इलाजही आहे: निकाह लावून द्या, बरी होईल. नैराश्यावर लग्न हे औषध नाही. आजारी मुलीवर दुसऱ्या घराचं ओझं टाकणं एवढंच त्यातून होतं.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार. तुम्ही आता वर्गात बसून हे वाचत असाल तर मान वर करून बघा.

आपल्या मुलांच्या वाट्याला काही ओझी वेगळीही आहेत. उर्दू माध्यमातून दहावीला ऐंशी टक्के घेतलेला मुलगा अकरावीला सायन्सला जातो. पुस्तकं इंग्रजीत, शिक्षक समजावतात मराठीत, आणि त्याला मादा, क़ुव्वत, रफ़्तार हे शब्द पाठ असतात. काल वर्गात पहिला येणारा एका महिन्यात मागच्या बाकावर जातो आणि स्वतःला मूर्ख समजू लागतो. घरी बापाने गॅरेजवर किंवा फळांच्या गाडीवर उभं राहून शिकवणीची फी भरलेली असते, त्यामुळे "जमत नाही" म्हणायची सोय नसते. माझ्याशी बोललेला तो मुलगा याच फटीत अडकला होता, हे मला फार उशिरा कळलं.

आणि ती दोन वर्षं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत हिंसा झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात तेच घडलं, एक जीव गेला. त्यानंतर शांतता समितीच्या बैठका झाल्या, पंचनामे झाले, वकील शोधले गेले. जे करायला हवं ते झालं. पण बंद खिडकीआडून दगडांचे आवाज ऐकणाऱ्या, भावाला पोलीस नेताना पाहणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना झोप लागते का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? माझ्यापुरतं उत्तर नकारार्थी आहे. पलीकडच्या मोहल्ल्यातली मुलंही त्याच रात्री जागी होती, हेही सांगायला हवं. ती सगळी आता मोठी झाली आहेत.

आता ज्या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान होतं त्याबद्दल. "ईमान मजबूत असेल तर डिप्रेशन येत नाही." मी हे मिंबरवरून ऐकलंय, चहाच्या टपरीवर ऐकलंय, आणि त्या दिवशी मी स्वतः हेच जरा गोड शब्दांत बोललो होतो. ज्यांना हे खरं वाटतं त्यांनी सूरह मरयम पुन्हा वाचावी. हजरत मरयम (अ.) प्रसूतीच्या वेदनेत, लोकलज्जेच्या भीतीत एकट्या खजुराच्या झाडाशी आहेत. याआधीच आपण मेलो असतो तर बरं होतं, असं त्यांच्या तोंडून निघतं. अल्लाहने निवडलेली स्त्री हे बोलते आहे. तिला उत्तर काय मिळालं? तुझं ईमान कमी आहे, असं नाही. दुःखी होऊ नकोस असा दिलासा मिळाला, पायाखाली पाण्याचा झरा दाखवला गेला, झाडाचं खोड हलव म्हणजे ताजे खजूर पडतील असं सांगितलं गेलं. खा, पी, डोळे निवव. आणि लोकांना आत्ता उत्तरं देत बसायची गरज नाही. आधी तहान, भूक आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुटका. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले, आणि त्यांना कोणी बेसब्र म्हटलेलं नाही, उलट सब्रचं उदाहरण म्हणूनच त्यांचं नाव घेतलं जातं.

अकराशे वर्षांपूर्वी बल्खच्या अबू ज़ैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. वैद्य फक्त शरीराकडे पाहतात ही त्यांची तक्रार होती. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले: एक, ज्याचं कारण माणसाला ठाऊक असतं, दुसरं, ज्याचं कारण सापडत नाही, आणि त्याचं मूळ ते शरीरातल्या बिघाडात शोधत. दवा घेणं परकं आहे असं म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. दुआने, तिलावतीने मनाला सुकून मिळतो, मला मिळतो. मधुमेह झालेला माणूस दुआही करतो आणि गोळीही घेतो. त्याला आपण कधी अडवत नाही.

हे सगळं करणार कोण, असा प्रश्न येईल. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ होरपळत असताना अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. टाटा ट्रस्टची मदत होती आणि डॉ. विक्रम पटेल यांच्याशी जोडलेली गोव्याची 'संगाथ' ही संस्था त्यात होती. मोठं रुग्णालय बांधलं गेलं नाही. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. त्यांनी आजाराबद्दल साध्या भाषेत सांगितलं, ऐकून घेतलं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे मानसोपचार डॉक्टरांकडे पोचवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते (४.३ टक्के). दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त हा अभ्यास छापून आला. कार्यक्रम प्रौढांसाठी होता, किशोरांसाठी नव्हता, आणि शंभरातले त्र्याहत्तर तरीही मदतीबाहेर राहिले. पण जी गोष्ट कापसाच्या गावांत जमली ती बैदपुऱ्यात, अकोट फैलात, पठाण चौकात, वलगाव रोडला का जमू नये? आपल्याकडे मशिदी आहेत, मोहल्ला कमिट्या आहेत, अभ्यासिका आहेत, रिकाम्या संध्याकाळी असलेले पदवीधर तरुण आहेत. आपल्या चळवळीच्या प्रत्येक शाखेतून दोन मुलं आणि दोन मुली या प्रशिक्षणासाठी पुढे याव्यात, असं मी या अंकात मागतो आहे. सत्काराच्या एका कार्यक्रमाची ट्रॉफी-बिर्याणी कमी केली तर खर्च निघेल.

तोवर जे हाताशी आहे ते वापरा. अमरावतीचं इर्विन म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, इथे मनोविकार विभागाची ओपीडी विचारा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीत आणि हिंदीत बोलतो. नाव सांगायची सक्ती नाही. किशोरांवर उपचार बहुतेक वेळा बोलण्यापासूनच सुरू होतात. गोळी लागलीच तर ती नशेची नसते. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून ती मनाने बंद करायची नसते. रमजानमध्ये वेळा कशा बसवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा, विचारायला लाजू नका. आणि कोणाच्या बोलण्यात मरणाचा सूर लागला तर सरळ विचारा, "जगू नये असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास सोडतो. "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोलीस केसच्या भीतीने घरं गप्प बसतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असलेला माणूस मानलं आहे, गुन्हेगार नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक केलं आहे.

हा मजकूर छापण्याआधी मी त्या मुलाला वाचून दाखवला. तो आता अमरावतीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. औषध डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवलं. नीट सुटली याचं दुःख त्याच्यापेक्षा त्याच्या अब्बूंना जास्त आहे. ऐकून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलंय मी दीड मिनिट बोललो. मी त्याच्या आधी अर्धा तास दाराशी उभा होतो."