बांद्यात स्ट्रॉबेरी?
महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या हवापाण्याच्या जोरावर. तळकोकणातल्या बांद्यात ती थंडी कुठून आणणार? तेरेखोल नदीच्या काठी जानेवारीतली दुपारही घाम काढते. तरी हौस असेलच, तर पाऊस सरल्यावर कुंडीत रोपं लावावीत. आपली जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी, स्ट्रॉबेरीला मानवते. तिच्यात शेणखत आणि नारळाच्या सोडणांचा भुसा मिसळायचा. रोपाचा गड्डा, जिथून पानं फुटतात तो, मातीच्या वरच हवा; पुरला की कुजलाच. पहिली फुलं खुडायची (जीवावर येतं, पण खुडायचीच), धावते फुटवे छाटायचे, फळांखाली भाताचा पेंढा. ऊन सकाळचं, दुपारी माडाची विरळ सावली. एवढं करून हाती वाटीभर फळं. त्यांच्याकडून महाबळेश्वरची गोडी मागू नये. रात्री गार नसल्या की फळात साखर कमीच भरते.