विश्लेषण : ऑपरेशननंतर घरी अचानक दम लागला तर? डिस्चार्ज कार्ड इथे गप्प का?

गुडघ्याचा सांधा बदलून आठ-दहा दिवस झालेले. जखम सुकत आलेली, वॉकर धरून हॉलपर्यंत चालणे सुरू झालेले. अशात पहाटे बाथरूमला जाऊन आलेल्या आईला एकाएकी दम लागतो. छातीत एका बाजूला टोचते, घाम फुटतो, बोलताना वाक्य पुरे होत नाही. घरातला पहिला अंदाज गॅसचा. मग ओवा, गरम पाणी, पंखा आणि ‘जरा पडून राहा, बरे वाटेल’. अर्धा-पाऊण तास यातच जातो.

हा प्रसंग शस्त्रक्रिया झालेल्या कोणत्याही घरात घडू शकतो. कधी कारण साधे असते. कधी मात्र पायातून सुटलेली रक्ताची गाठ फुफ्फुसात अडकलेली असते आणि तेव्हा तो पाऊण तासच सर्वात महाग पडतो.

गाठ पायात, त्रास छातीत कसा?

पोटरीचे स्नायू म्हणजे पायातला पंप. चालताना ते आवळले जातात आणि शिरांमधले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. शस्त्रक्रियेनंतर माणूस पडून राहतो, म्हणजे पंप जवळपास बंद. त्यात शिरेच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असू शकते आणि जखम भरून यावी म्हणून शरीराने रक्त गोठण्याची यंत्रणा जोरात चालू केलेली असते. या तीन कारणांची त्रयी जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

पायाच्या खोल शिरेतली ही गाठ सुटली की हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून थेट फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन बसते. याला ‘पल्मनरी एम्बोलिझम’ म्हणतात. फुफ्फुसात हवा येत असते, पण अडलेल्या भागात ऑक्सिजन उचलायला रक्तच पोहोचत नाही. म्हणून पंखा कितीही फिरवला तरी दम कमी होत नाही. गाठ मोठी असेल तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन रक्तदाब कोसळू शकतो.

खुबा आणि गुडघा बदलणे, कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया, सिझेरियन, पायाचे प्लास्टर या सगळ्यांनंतर हा धोका वाढतो आणि काही आठवडे राहतो. रुग्ण घरी येतो मात्र काही दिवसांतच. धोक्याचा बराचसा काळ घरच्यांच्या देखरेखीखाली जातो, हे त्यांना क्वचितच कुणी सांगितलेले असते.

ओळखणे अवघड आहे हेही खरे. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०११ मध्ये हा आजार होऊन गेला होता. २०१७ मध्ये सिझेरियननंतर रुग्णालयातच दम लागू लागला तेव्हा त्यांनी स्वतःहून सीटी स्कॅनची मागणी केली. वेदनाशामकांमुळे त्या गोंधळल्या असाव्यात असे परिचारिकेला वाटले, हे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले. शेवटी स्कॅन झाले आणि फुफ्फुसात गाठी सापडल्या. रुग्णालयात असलेल्या जगज्जेत्या खेळाडूला इतके सांगावे लागत असेल, तर घरी पडलेल्या आईच्या ‘कसेतरी होतेय’कडे कोण लक्ष देणार?

ऑक्सिमीटर ९६ दाखवतो, मग काळजी नाही?

करोनाकाळापासून अनेक घरांत ऑक्सिमीटर आहे. त्यावर दोन आकडे दिसतात आणि सगळे पहिलाच वाचतात. लहान-मध्यम गाठीत ऑक्सिजनचा आकडा चांगला राहू शकतो. नाडीचा दुसरा आकडा मात्र शांत बसल्यावरही शंभरीपार राहत असेल, तर तो गंभीर इशारा आहे. दोन्ही आकडे बरे असूनही दम लागत असेल तर विश्वास दमावर ठेवावा, यंत्रावर नाही.

आपल्याकडच्या काही सवयी या आजारात घातक ठरतात. एकच पोटरी सुजली, दुखू लागली की तेल लावून चोळून दिली जाते. आत गाठ असेल तर चोळण्याने ती सुटू शकते. दुसरे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ‘गरम पडतात’ म्हणून मध्येच बंद केल्या जातात. खरे तर या गोळ्या रक्त पातळ करतच नाहीत, गोठण्याचा वेग कमी करतात. तिसरे, पुण्या-मुंबईत ऑपरेशन करून गुडघे मुडपून सहा-सात तास गाडीतून गावी जाणे. वाटेत उतरवून चार पावले चालवण्याचेही कुणाला सुचत नाही.

याचा दोष घरच्यांना देणे सोपे आहे. पण त्यांच्या हातातले डिस्चार्ज कार्ड अनेकदा इंग्रजीत असते. त्यात गोळ्यांची यादी, टाके काढण्याची तारीख आणि खाली ‘एसओएस’. तोंडी सगळे समजावले होते, असे डॉक्टर सांगतात आणि ते खोटे नसते. फक्त ते ऐकणाऱ्यांचे लक्ष त्या वेळी कॅशलेसच्या मंजुरीकडे आणि बिलाच्या काउंटरकडे असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत माहिती मिळण्याचा हक्क आहे. रिसेप्शनमागच्या भिंतीवर ती टांगून तो हक्क पोहोचत नाही. ‘दम लागणे, छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त, चक्कर, एकाच पायाला सूज : तातडीने रुग्णालय’ एवढी ओळ मराठीत, ठळक अक्षरांत, रात्री उचलला जाईल अशा फोन नंबरासह छापायला शाई किती लागते? लाखोंच्या पॅकेजमध्ये तिला जागा नाही, हा निष्काळजीपणाच आहे.

दम लागल्यास काय करावे?

रुग्णाला टेकवून बसवावे, चालवू नये, जिना उतरायला लावू नये. मनाने कोणतीही गोळी देऊ नये. शेजारच्या दवाखान्यात वेळ न घालवता १०८ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात नेण्याची विनंती करावी. डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्या सोबत घ्याव्यात, शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून ठेवावे. फोनवर आणि कॅज्युअल्टीत पहिलेच वाक्य ‘दम लागतोय’ एवढेच नसावे. ‘दहा दिवसांपूर्वी गुडघ्याचे ऑपरेशन झालेय आणि आता अचानक दम लागतोय’ असे असावे. पुढचा डॉक्टर गाठीचा विचार लगेच करतो तो त्या पहिल्या अर्ध्या वाक्यामुळे.