‘आदिपुरुष’चा हिशोब अजून बाकी आहे



नितेश तिवारींचं ‘रामायण’ २०२६च्या दिवाळीला येणार हे जाहीर झाल्यापासून ‘मुलांना न्यायचं का?’ ही चर्चा आपल्याकडे सुरू आहे. मला आठवतो तो ‘आदिपुरुष’, जून २०२३चा. ऑस्ट्रेलियात जून म्हणजे आम्हा सीए लोकांची वर्षअखेर, मान वर करायला फुरसत नाही. तरी मेलबर्नच्या थंडीत मुलांना घेऊन गेले. दिग्दर्शक आपला ओम राऊत, हनुमान ‘जय मल्हार’वाला देवदत्त नागे, गाणी अजय-अतुलची. म्हटलं, तीन तासांत मुलांना रामायण कळेल, माझं काम वाचेल.

कसलं काय! काळीकरडी लंका, वटवाघळासारख्या प्राण्यावर बसलेला रावण, स्लो मोशनमधल्या लढाया. कैकेयीचे वर, दशरथाची घालमेल यांना जेमतेम जागा. धाकट्याने कानात विचारलं, “आई, यात कोणी हसत का नाही गं?”

निर्मात्यांनी प्रत्येक थिएटरमध्ये हनुमानासाठी एक खुर्ची रिकामी ठेवायचं जाहीर केलं होतं. भक्तीचा आव एवढा, आणि त्याच हनुमानाच्या तोंडी टपोरी भाषा! लोक चिडल्यावर संवाद बदलावे लागले. खर्च म्हणे ५०० कोटींच्या घरात. गांभीर्य पार्श्वसंगीताने येत नाही हो, माणसांच्या घालमेलीतून येतं.

याउलट युगो साको आणि राम मोहन यांचा १९९२चा जपानी-भारतीय अ‍ॅनिमेशनपट. घरी लावला, तर मुलं वानरांबरोबर हसली आणि शेवटी गप्पही झाली. गदिमा-बाबूजींनी तर १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी ५६ गाणी दिली. ना थ्रीडी, ना व्हीएफएक्स. तरी माझ्या आजीला राम समोर दिसायचा.

पण खरी चूक माझीच. आजीने मला रोज रात्री थोडी थोडी सांगितलेली गोष्ट मी तिकिटाच्या पैशात उरकायला निघाले होते. सीए असून एवढं कळलं नाही, की काही कामं आउटसोर्स होत नाहीत!

म्हणून माझं मत: नवा सिनेमा जरूर दाखवा, पण गोष्ट आधी घरी सांगा, आपल्या मराठीत. मुलं मध्येच “पण का?” विचारतील, तिथे थांबा. मग सिनेमा फसला तरी रामायण फसणार नाही.

तुमच्याकडे कोण सांगतं गोष्टी? आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर सांगतात का? नक्की लिहा.