परराष्ट्र धोरण ही निष्ठेची परीक्षा नव्हे

जून २०२५ मध्ये मुंबई पोलिसांनी आझाद मैदानावर गाझातील नरसंहाराविरुद्ध सभा घेण्यास परवानगी नाकारली. कायदा-सुव्यवस्थेबरोबर दुसरे कारण होते ते असे, की ही सभा भारताच्या परराष्ट्र धोरणाला धरून नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलैला याचिका फेटाळली गेली. मूळ अर्ज दुसऱ्या संघटनेचा होता, हा तांत्रिक मुद्दा त्यात होताच. पण लोकांच्या लक्षात राहिले ते खंडपीठाचे शेरे. आपल्याच देशात कचरा, गटारे, पूर असे प्रश्न असताना हजारो मैलांवरच्या गाझाकडे कशाला पाहता, देशभक्त व्हा, असा त्यांचा आशय होता.

पुढे ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली. २० ऑगस्टला त्याच आझाद मैदानावर सभा झाली आणि शांततेत पार पडली. कोणत्याही देशाने आपल्याशी संबंध तोडले नाहीत. प्रकरण मिटले असे वाटेल, पण ते मिटलेले नाही. सोलापुरातली कॉलेजची मुले मला आजही विचारतात, ‘गाझावर स्टेटस ठेवले तर घरी पोलीस येतील का?’ विचारणाऱ्याचे नाव मुसलमान असेल, तर त्या प्रश्नात जास्तीची एक धास्ती असते. म्हणून हा विषय नीट मांडायला हवा.

आधी संविधान पाहू. अनुच्छेद १९ ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्यावर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतील तेही सांगितले. ‘परकीय देशांशी मैत्रीचे संबंध’ हे कारण त्या यादीत १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. मात्र त्यासाठी कायदा लागतो आणि तो निर्बंध वाजवी असावा लागतो. शांततेने, शस्त्रांशिवाय जमण्याच्या हक्काचे तर त्याहून स्पष्ट आहे. तिथे निर्बंधाची कारणे दोनच आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. परकीय देशांशी मैत्री हे कारण तिथे लिहिलेलेच नाही. मग सरकारच्या परराष्ट्र धोरणाशी जुळत नाही म्हणून सभा नाकारण्याचा अधिकार पोलिसांना कुठून मिळाला?

आणि हे धोरण तरी काय आहे? १९४७ साली संयुक्त राष्ट्रांत भारताने पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले. १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली. १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. जून २०२५ मध्ये गाझातील युद्धबंदीच्या ठरावावर आमसभेत भारत तटस्थ राहिला, तर तीनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, द्विराष्ट्र तोडग्याच्या बाजूने मत देणाऱ्या १४२ देशांत भारत होता. धोरण असे बदलत असते. सरकारे बदलतात, गरजा बदलतात, जनमतही बदलते. जूनमध्ये धोरणाविरुद्ध ठरलेला माणूस सप्टेंबरमध्ये धोरणाबरोबर असू शकतो. त्याची देशभक्ती तीन महिन्यांत बदलली असे कोणी म्हणणार आहे काय?

दूरच्या युद्धाशी आपला काय संबंध, हे तर सोलापूरला विचारूच नये. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यातले डॉ. चोळकर नागपूरचे आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. देश तेव्हा स्वतःच गुलाम होता, घरात प्रश्नांचा तोटा नव्हता. तरीही कोणी त्यांना ‘आधी गावची गटारे बघा’ म्हटले नाही. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच सेवा करता करता वारले. आज त्यांचे स्मारक आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो.

बोलण्यावरची बंदी काय असते, हेही या शहराला ठाऊक आहे. १९३० च्या मे-जूनमध्ये इथे लष्करी कायदा होता. गांधी टोपी घालणे, तिरंगा हाती घेणे यासाठी लोकांना शिक्षा झाल्या. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. चार हुतात्मा चौकातून जाताना ते पत्रकारही होते, याची आठवण ठेवायला हवी.

आजची भीती निराधार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका काश्मिरी प्राध्यापकावर व्हॉट्सअॅप स्टेटसमुळे गुन्हा दाखल झाला. कलम ३७० हटवल्याचा निषेध आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, एवढाच मजकूर होता. उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. अखेर ७ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका हा नागरिकाचा हक्क आहे आणि पोलिसांनाच अभिव्यक्ती स्वातंत्र्याची शिकवण द्यायची वेळ आली आहे, असे न्यायालयाने सुनावले. निकाल उत्तम आहे, पण तो मिळवायला दिल्ली गाठावी लागली. सोलापुरातल्या किती यंत्रमाग कामगारांच्या मुलांना ते परवडेल?

राहिला गटारांचा प्रश्न. सोलापुरात नळाच्या पाण्याचा प्रश्न आहे. त्यावर मोर्चा काढायचा तरी परवानगी त्याच पोलिसांकडे मागावी लागते. गाझाच्या सभेला नकार चालवून घेतला, तर उद्या पाण्याच्या मोर्चालाही काहीतरी कारण सापडेल. हक्क एकच आहे. विषय पाहून तो वाटता येत नाही.

हे सगळे सांगितल्यावर आपल्या समाजालाही दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. १९८८ मध्ये सलमान रश्दींच्या कादंबरीच्या आयातीवर बंदी आली, तेव्हा ती मागणाऱ्यांत आपले पुढारी होते. १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हा त्यांचे तोंड बंद करू पाहणारे आपल्यातच होते. स्वतःसाठी मागायचे आणि न पटणाऱ्यासाठी नाकारायचे, तर ते स्वातंत्र्य राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गाझावर बोलताना ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने मारलेल्या निरपराधांचेही दुःख झाले पाहिजे. बांगलादेशातल्या हिंदूंवर आणि चीनमधल्या उइगुरांवर अन्याय होतो, तेव्हाही आपला आवाज निघाला पाहिजे. आपण उम्मतचे म्हणून बोललो तर आवाज मोहल्ल्यात राहील. नागरिक म्हणून, माणूस म्हणून बोललो तर तो शहराचा होईल.

त्या मुलांना माझे उत्तर असे: बोला. खात्री केलेलेच लिहा, कोणाच्या धर्माला शिवी देऊ नका, हिंसेची भलामण करू नका. सभा घ्यायची तर रीतसर अर्ज द्या, पोच घ्या. नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि ते आम्हाला आणून दाखवा. पुढची लढाई तुम्हाला एकट्याने लढावी लागणार नाही, ही जबाबदारी आमच्यासारख्या संघटनांची आहे.